मुंबईतील फिल्म न्वार

मुंबईतील फिल्म न्वार (बॉम्बे न्वार असाही उल्लेख आढळतो) ही संज्ञा मुंबईच्या चित्रपटसृष्टीत साधारण १९४० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निर्माण झालेल्या कृष्णधवल गुन्हेगारीपटांच्या एका गटासाठी वापरली जाते. रात्रीचे शहर, जुगाराचे अड्डे, ओळख लपवून वावरणारा सूत्रधार, संशयात सापडलेला नायक आणि गडद सावल्यांची प्रकाशयोजना ही या चित्रपटांची ठळक लक्षणे होत. ‘बाजी’ (१९५१), ‘आर पार’ (१९५४), ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९५४) आणि ‘सी.आय.डी.’ (१९५६) हे या गटातील सर्वाधिक लोकप्रिय चित्रपट मानले जातात. मराठीत या वळणाचा सर्वांत महत्त्वाचा चित्रपट म्हणजे राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४).

संज्ञा

‘न्वार’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘काळा’ असा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम पडद्यावर आले, तेव्हा त्यांतील निराश सूर जाणवून समीक्षक निनो फ्रँक यांनी १९४६ मध्ये ‘फिल्म न्वार’ हा शब्दप्रयोग केला. जॉन ह्यूस्टन यांचा ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१), बिली वाइल्डर यांचा ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४), चार्ल्स विडॉर यांचा ‘गिल्डा’ (१९४६) आणि जाक टर्नर यांचा ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे आहेत. ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ ईव्हिल’पाशी (१९५८) अभिजात कालखंड संपतो, असे सामान्यतः मानतात. हे चित्रपट करणाऱ्यांच्या मनात असा काही प्रकार नव्हता. नाव मागाहून चिकटले. मुंबईच्या चित्रपटांबाबतही हेच खरे आहे. ‘बाजी’च्या प्रेक्षकांनी तो ‘न्वार’ म्हणून नव्हे, तर देव आनंदचा चित्रपट म्हणूनच पाहिला.

पूर्वपीठिका

मुंबईतील न्वार ही केवळ हॉलिवूडची नक्कल होती, असे विधान वारंवार केले जाते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकी न्वारची छायाप्रकाशाची शैली मुळात जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रपटांतून आलेली होती आणि जर्मन तंत्रज्ञ मुंबईत त्याआधीच दाखल झाले होते. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाड येथे स्थापन केलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रणकार योसेफ विर्शिंग हे दोघेही जर्मनीतून आलेले होते. युद्धकाळात विर्शिंग यांना ब्रिटिश सरकारने स्थानबद्ध केले. सुटकेनंतर त्यांनी कमाल अमरोही यांच्या ‘महल’चे (१९४९) छायाचित्रण केले. ‘महल’ हा गुन्हेगारीपट नसला, तरी पडदे, झुंबरे, जिने आणि अंधार यांचा त्यातील वापर पुढील दशकाची चाहूल देतो.

बॉम्बे टॉकीजमध्येच ज्ञान मुखर्जी यांनी ‘किस्मत’ (१९४३) दिग्दर्शित केला. त्यात अशोक कुमार यांनी खिसेकापू रंगवला आणि गुन्हेगारालाच नायक करण्याची वाट मोकळी झाली. मुखर्जी यांच्या ‘संग्राम’ (१९५०) या चित्रपटासाठी साहाय्यक म्हणून काम करणारा तरुण म्हणजे गुरु दत्त.

पुण्यातील करार

गुरु दत्त आणि देव आनंद यांची भेट पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत झाली. १९४६ मध्ये प्रदर्शित झालेला प्रभातचा ‘हम एक हैं’ हा देव आनंद यांचा पहिला चित्रपट. त्याचे नृत्यदिग्दर्शन गुरु दत्त यांच्याकडे होते. धोब्याकडून सदऱ्यांची अदलाबदल झाल्यामुळे दोघांची ओळख झाली, अशी आठवण देव आनंद सांगत असत. आपल्यापैकी जो आधी पुढे जाईल त्याने दुसऱ्याला संधी द्यावी, असे त्यांनी ठरवले. १९४९ मध्ये चेतन आनंद व देव आनंद यांनी नवकेतन ही संस्था काढली आणि तिच्या ‘बाजी’चे दिग्दर्शन गुरु दत्त यांच्याकडे सोपवून शब्द पाळला गेला. प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया उभी आहे.

प्रमुख चित्रपट

‘बाजी’ची पटकथा अभिनेते बलराज साहनी यांनी लिहिली. मदन हा किरकोळ जुगारी बहिणीच्या क्षयरोगावरील उपचारांसाठी एका क्लबच्या मालकाकडे कामाला लागतो. या मालकाचा चेहरा बराच काळ अंधारात ठेवला आहे. शेवटी तो मदनच्या प्रेयसीचा, म्हणजे डॉक्टर रजनीचा, प्रतिष्ठित पिताच असल्याचे उघड होते. मदनवर झाडलेली गोळी क्लबनर्तकी लीना (गीता बाली) स्वतःच्या अंगावर घेते आणि तिच्या खुनाचा आळ मदनवर येतो. ‘गिल्डा’शी असलेले साम्य जुगाराचा अड्डा आणि नर्तकी यांपुरतेच राहते. ‘गिल्डा’त गुंता प्रेम आणि मत्सराचा आहे, तर ‘बाजी’त औषधाच्या खर्चाचा.

चित्रपटाचे छायाचित्रणकार व्ही. रात्रा होते आणि व्ही. के. मूर्ती त्यांचे सहायक. क्लबमधील एका गाण्यासाठी आरशातील प्रतिबिंबापासून सुरू होणारे अवघड दृश्य मूर्ती यांनी सुचवले आणि स्वतःच टिपले. ते पाहून गुरु दत्त यांनी पुढच्या चित्रपटासाठी त्यांना निश्चित केले. ‘जाल’पासून (१९५२) ‘कागज के फूल’पर्यंत (१९५९) आणि त्यानंतरही ही जोडी टिकली. मूर्ती यांना २००८ या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

‘जाल’ची कथा पोर्तुगीज अमलाखालील गोव्याच्या किनाऱ्यावर घडते. त्यात देव आनंद यांनी सोन्याची तस्करी करणारा टोनी साकारला. हा नायक अखेरपर्यंत जवळजवळ खलनायकच राहतो. ‘आर पार’मध्ये गुरु दत्त यांनी स्वतः टॅक्सीचालकाची भूमिका केली. अब्रार अल्वी यांचे संवाद हे त्याचे खरे बलस्थान: प्रत्येक पात्र आपापल्या प्रांताच्या वळणाने बोलते, त्यामुळे पडद्यावर प्रथमच मुंबईची सरमिसळ ऐकू आली. चेतन आनंद यांच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये शहराचे रस्तेच नेपथ्य झाले.

राज खोसला दिग्दर्शित आणि गुरु दत्त निर्मित ‘सी.आय.डी.’ हा या गटातील सर्वांत बांधीव चित्रपट म्हणता येईल. एका धनिकाचे गुन्हे उघड करू पाहणाऱ्या संपादकाचा खून होतो. तपास करणारा इन्स्पेक्टर शेखर मारेकऱ्याला पकडतो, पण कोठडीत त्याचाही मृत्यू होतो आणि पोलीस अधिकारीच आरोपी ठरतो. वहीदा रहमान यांचा हा पहिला हिंदी चित्रपट. विजय आनंद यांच्या ‘काला बाजार’मध्ये (१९६०) नोकरी गेलेला बसवाहक चित्रपटगृहाबाहेर तिकिटांचा काळा बाजार करतो, ‘मदर इंडिया’च्या पहिल्या खेळाची प्रत्यक्ष दृश्ये त्यात वापरली आहेत.

वेगळेपण

अमेरिकी न्वारमधील नायक बहुधा स्वतःच्या मोहाने बुडतो. मुंबईतील नायक गरजेपोटी वाट चुकतो आणि प्रायश्चित्त घेऊन परततो. ‘बाजी’चा मदन जुगाराबद्दल थोडी शिक्षा भोगून बाहेर येतो. नायकाला नाशाकडे नेणारी मोहक स्त्री येथे उलट त्याच्यासाठी मरते किंवा ‘सी.आय.डी.’तील कामिनीप्रमाणे अखेरीस त्याच्या बाजूने उभी राहते. याला तडजोड म्हणता येईल, परंतु या चित्रपटांचा कडवटपणा दुसरीकडे आहे. खरा गुन्हेगार जवळपास नेहमीच बंगल्यात राहणारा, सभ्य आणि श्रीमंत असतो. मुंबई मद्यबंदी कायदा १९४९ चा आहे. त्यामुळे रात्रीचा क्लब हे कायद्याच्या काठावरचे ठिकाण होते आणि तेथे येणारा प्रत्येक प्रतिष्ठित माणूस आपोआप संशयास्पद ठरत होता.

गाण्यांमुळे रहस्याची वीण सैल होते, हा आक्षेप काही चित्रपटांना लागू पडतो. ‘बाजी’त मात्र गाणीच कथा पुढे नेतात. सचिन देव बर्मन यांनी साहिर लुधियानवी यांच्या गझलेला पाश्चात्त्य ठेका दिला आणि लीना ती गिटारवर गात नायकाला डावाकडे ओढते.

विदर्भातील प्रदर्शन

हे चित्रपट प्रदर्शित होत असताना बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात नव्हता. तो मध्य प्रदेशाचा भाग होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे ‘सी.आय.डी.’च्या वर्षी, द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. चित्रपट व्यवसायाने मात्र जुनी सीमा सोडली नाही: विदर्भाचे वितरणक्षेत्र आजही ‘सी.पी. बेरार’ याच नावाने ओळखले जाते. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही जिल्ह्यातील स्थानके मुंबई–नागपूर लोहमार्गावर आहेत. येथील प्रेक्षकाला ज्या मुंबईकडे गाडी जात होती, तिचे रात्रीचे रूप या चित्रपटांनी दाखवले.

मराठी चित्रपट आणि ‘पाठलाग’

मराठी वाचकाला गुन्हेगारी कथा अपरिचित नव्हती. बाबुराव अर्नाळकर यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या रहस्यकथा घरोघरी वाचल्या जात. तरीही मराठी पडद्यावर हा प्रकार रुजला नाही. मराठी चित्रपट मुख्यतः कोल्हापूर आणि पुण्याच्या स्टुडिओंत तयार होत होता आणि ‘सांगत्ये ऐका’च्या (१९५९) यशानंतर तो तमाशापटांकडे अधिकच झुकला. मुंबईची रात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

‘पाठलाग’ हा याला सन्मान्य अपवाद. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारित या चित्रपटात काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या प्रमुख भूमिका आहेत. पत्नीचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेल्या वकिलासमोर तिच्यासारखीच दिसणारी स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. न्यायालयात तिची उलटतपासणी घेताना त्याचा स्वतःच्या स्मृतीवरचा विश्वास डळमळू लागतो. मृत स्त्री जुळी बहीण होती, हा उलगडा शेवटी होतो. पण चित्रपटाची पकड त्या उत्तरापेक्षा या संशयात आहे. अंधार येथे गल्लीबोळातून निघून सुशिक्षित मराठी घरात शिरला. गीते ग. दि. माडगूळकर यांची आणि संगीत दत्ता डावजेकर यांचे होते. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘पाठलाग’ला मिळाला.

या कथेवर १९६५ मध्ये तमिळ ‘इदय कमलम’ आणि १९६६ मध्ये हिंदी ‘मेरा साया’ निघाला. सुनील दत्त व साधना यांच्या भूमिका असलेल्या ‘मेरा साया’चे दिग्दर्शक राज खोसला, म्हणजे ‘सी.आय.डी.’चेच दिग्दर्शक आणि गुरु दत्त यांचे पूर्वीचे सहायक होते.

नंतरचा काळ

रंगीत चित्रपट सर्वत्र रूढ झाल्यावर या शैलीचा आधारच गेला. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले दिग्दर्शक श्रीराम राघवन यांनी ‘जॉनी गद्दार’ (२००७) हा चित्रपट विजय आनंद आणि कादंबरीकार जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला आहे. त्यांच्या ‘अंधाधुन’ (२०१८) या चित्रपटाचे कथानक पुण्यात घडते.