पूर्वी कुठे होते डबे?

१७ फेब्रुवारी २०२२ रोजी ॲबट कंपनीने मिशिगन राज्यातल्या स्टर्जिस इथल्या कारखान्यात तयार झालेली बाळांच्या दुधाची पावडर बाजारातून परत मागवली. ती पावडर प्यायलेल्या चार बाळांना क्रोनोबॅक्टर या जंतूचा संसर्ग झाल्याच्या तक्रारी होत्या. त्यांतली दोन दगावली. कारखाना बंद पडला आणि मे महिन्यापर्यंत अमेरिकेतल्या दुकानांमधले डबे संपत आले. सरकारला युरोपातून विमानाने डबे आणावे लागले. त्याच सुमारास १९५०च्या दशकातली एक कृती समाजमाध्यमांवर फिरू लागली: डब्यातलं आटवलेलं दूध, पाणी आणि मक्याचं सिरप. आपल्या कानांना हा सल्ला परका नाही. "गाईच्या दुधात पाणी-साखर घाला. पूर्वी कुठे होते डबे? मुलं वाढलीच ना!" हे वाक्य पुण्यात जितकं ऐकू येतं, तितकंच लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेलेल्या आईच्या तोंडीही येतं.

हे मत मायेतून येतं, म्हणून ते झटकून टाकणं बरं नाही. त्याच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. पिढ्यान्‌पिढ्या मुलं वरच्या दुधावर वाढली. डबा बनवणाऱ्या कंपनीनेच घात केला, मग घरचं दूध काय वाईट? आणि खुद्द जागतिक आरोग्य संघटनेनेही एके काळी गाईच्या दुधाची अशी कृती सांगितली होती. तिन्ही मुद्दे क्रमाने तपासू.

पहिला मुद्दा जगलेल्यांच्या साक्षीवर उभा आहे. जी मुलं गेली, ती साक्षीला येत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे शंभर वर्षाच्या आत दगावत. भारतात १९५१ साली हा आकडा १४६ होता. हे सगळे मृत्यू वरच्या दुधामुळे झाले असं नाही. लस नव्हती, स्वच्छ पाणी नव्हतं, रोगराई होती. पण ज्या काळात इतकी मुलं जात, त्या काळाचा दाखला बिनधोकपणाचा पुरावा म्हणून देता येत नाही. शिवाय जी वाढली, त्यांतली बहुतेक आईच्या अंगावरच्या दुधावर वाढली. ज्या घरात बाळंतीण दगावे, तिथे आधी दूध पाजणारी दुसरी बाई शोधत. गाय आठवायची ती नंतर.

आता दुधाकडे जवळून पाहू. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १ ग्रॅम प्रथिनं असतात, गाईच्या दुधात ३.३ ग्रॅम. सोडियम सुमारे तिप्पट, फॉस्फरस सहापट. वासराला चार पायांवर उभं राहून झपाट्याने वाढायचं असतं, त्याला ते हवंच. नवजात बाळाच्या मूत्रपिंडांना हा भार झेपत नाही. फॉस्फरस वाढला की रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि बाळाला आकडी येऊ शकते. दोन भाग दुधात एक भाग पाणी घातलं तरी फॉस्फरस आईच्या दुधाच्या चौपट उरतो. उलट स्निग्धांश कमी होतो, साखरेने फक्त उष्मांक भरून निघतात, आणि बाळाच्या वाढीला लागणारी मेदाम्लं व लोह मुळातच तुटपुंजी असतात ती आणखी घटतात. ही भीती कागदावरची नाही. टंचाईच्या आदल्याच वर्षी, २०२१मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सूचना काढली होती, कारण घरी बनवलेलं दूध पाजलेली काही बाळं कॅल्शियम उतरल्याने रुग्णालयात दाखल झाली होती.

दुसरा मुद्दा कंपनीच्या चुकीचा. चूक झाली, ती गंभीर होती, आणि थोड्याच कंपन्यांच्या हाती सगळा बाजार सोपवणाऱ्या धोरणाने ती देशभर पसरली. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. १९७८ साली सिंटेक्स कंपनीने सोयाबीनपासून बनवलेल्या बाळदुधात मीठ घालणं थांबवलं. एवढ्याशा बदलाने क्लोराइड कमी पडलं आणि शंभरहून अधिक बाळं आजारी पडली. त्यांची भूक गेली, वाढ खुंटली. त्यातूनच १९८० साली अमेरिकेत बाळदुधाचा स्वतंत्र कायदा झाला. प्रयोगशाळा आणि रसायनतज्ज्ञ हाताशी असताना एका घटकाची चूक इतकी महाग पडली. स्वयंपाकघरात चमच्याने मोजून तीस पोषकघटकांचा मेळ कसा बसणार? कारखान्याच्या चुकीवर कडक तपासणी आणि अनेक उत्पादक हा उपाय आहे. स्वयंपाकघरातला कारखाना हा नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. एचआयव्हीबाधित मातांच्या बाळांसाठी आरोग्य संघटनेने खरोखरच कृती दिली होती: १०० मिलिलिटर गाईचं दूध, ५० मिलिलिटर उकळलेलं पाणी, १० ग्रॅम साखर, आणि वर सूक्ष्म पोषकद्रव्यं. पुढे तिचा फेरविचार झाला. त्या दुधातून पहिल्या सहा महिन्यांचं पोषण पुरं होत नाही असं आढळलं, आणि दुसरं काहीच मिळत नसेल तेव्हा थोड्या काळापुरती, एवढीच तिची जागा उरली. कृती सांगणाऱ्यांनीच ती आवरती घेतली, हा दाखला आता तिच्या विरुद्धच जातो.

"मग अंगावर पाजा, प्रश्नच मिटला," असंही म्हटलं जातं. आईचं दूध सर्वोत्तम, यात वाद नाही. पण आटलेला पान्हा परत आणायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि बाळ दर तीन तासांनी रडतं. स्टर्जिसच्या कारखान्यात चयापचयाच्या दुर्मीळ आजारांच्या बाळांसाठीची पावडरही तयार होत असे. त्या बाळांना आईचं दूधही पूर्णपणे चालत नाही. आईला दोष देऊन एकाही बाळाचं पोट भरत नाही.

मग करावं काय? निरोगी, पुऱ्या दिवसांच्या बाळाला नेहमीच्या प्रकारातल्या कोणत्याही मान्यताप्राप्त कंपनीची पावडर चालते. ठरावीक नावाचा आग्रह सोडावा. खास आजारासाठीची पावडर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. थोडं अंगावर, थोडं वरचं पाजणाऱ्या आईने अंगावर पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात. दात्या मातेचं दूध घ्यायचं तर ते तपासलेलं आणि पाश्चरीकृतच घ्यावं, ओळखीपाळखीतून आणलेलं नको. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९पासून अशी दूधपेढी चालते.

डबा पुरवून पुरवून वापरायचा म्हणून पाणी वाढवू नये. अमेरिकी डब्यावर बहुधा दोन औंस पाण्याला एक सपाट चमचा लिहिलेलं असतं. त्याच चमच्याला तीन औंस पाणी घातलं की १०० मिलिलिटरमधल्या ६७ कॅलरी ४५वर येतात. बाटली तेवढीच भरलेली दिसते, बाळ शांतही झोपतं. पण असं रोज होत राहिलं तर वाढ खुंटते, आणि रक्तातलं सोडियम उतरून आकडीही येऊ शकते. पावडर निर्जंतुक नसते, हेही ध्यानात ठेवावं. दोन महिन्यांच्या आतल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शक्यतो तयार द्रव दूध द्यावं. ते नसेल तर उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली उतरण्याआधी, पावडरीत घालावं, कोमट करून पाजावं आणि उरलेलं फेकून द्यावं.

सहा महिन्यांनंतर चित्र बदलतं, हे मान्य केलंच पाहिजे. तेव्हा अडचणीच्या काळात पाश्चरीकृत सायीसकटचं गाईचं दूध, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि डाळ, अंडं, मांस यांसारख्या लोह देणाऱ्या अन्नाच्या जोडीने, चालू शकतं. वाद दुधाशी नाही, बाळाच्या वयाशी आहे.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा डबा संपत आला असेल, तर पातेलं चुलीवर चढवण्याआधी बालरोगतज्ज्ञांना फोन करा, आणि जुन्या कृतीऐवजी नवा डबा शोधायला घराबाहेर पडा.