कृपासदन : एका नावाचा शोध

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराचा विषय निघाला, की चर्चा बहुधा शारदा सदनाच्या वादापाशी थांबते. मला मात्र केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या एका विभागाचे नाव अधिक बोलके वाटते : ‘कृपासदन’. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांचे ते घर.

या नावामागचा विचार इंग्लंडपर्यंत मागे नेता येतो. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी रमाबाईंना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले काम दाखवले. तिथे अशाच स्त्रियांना मायेने सांभाळले जात होते. आपल्या शास्त्रांत अशा स्त्रियांच्या वाट्याला दंडच येतो, असे रमाबाईंनी पुढे लिहिले आहे. ही माया येते कुठून, असे त्यांनी विचारल्यावर एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या त्या स्त्रीला येशू सगळे जाणूनही जिवंत पाणी देऊ करतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

पण १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता. ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षे लागली. मला हाच कळीचा मुद्दा वाटतो. फुलहॅमला कृपा दिसली ती इतरांसाठी. पुढे या संस्कृत पंडितेला उमगले, की विद्वत्ता किंवा परोपकार दाखवून ती आपल्यालाही मिळवता येणार नाही. कृपासदन त्यानंतरचे. त्या घरात आश्रय देणारी आणि घेणारी, दोघीही सारख्याच ऋणी होत्या.