जुलाबात नुसतं पाणी का पुरत नाही? आतड्यातल्या साखरेच्या दाराची गोष्ट

फेब्रुवारी २०२४. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं कोष्टवाडी गाव. संध्याकाळी आसपासच्या गावांतल्या लोकांनी महाप्रसाद घेतला आणि पहाटेपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. बाधितांचा आकडा दोन हजारांवर गेला. लोह्याचं उपजिल्हा रुग्णालय भरलं, मग शेकडो रुग्णांना नांदेडला हलवावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये नांदेड जिल्ह्यातल्याच मुगाव तांड्यावर विहिरीचं दूषित पाणी पिऊन नव्वदहून जास्त लोक आजारी पडले.

अशा वेळी आपल्याकडे पहिली मागणी असते, "डॉक्टर, सलाईन लावा." पण दोन हजार माणसांना एकाच रात्री सलाईन लावायला बाटल्या, खाटा आणि नर्स आणायच्या कुठून? याचं उत्तर आपल्या सगळ्यांच्या लहान आतड्यात आधीपासूनच आहे. ते समजून घ्यायचं तर आतडं साखर कशी शोषतं ते बघावं लागेल.

काळीपिवळी आणि तिचे तीन पॅसेंजर

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. ही लव उलगडली तर टेनिस कोर्टाएवढी होते, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. २०१४ साली स्वीडनच्या संशोधकांनी पुन्हा मोजमाप केलं, तेव्हा सगळ्या पचनमार्गाचं अस्तर मिळून ३० चौरस मीटरच्या आसपास भरलं, म्हणजे साधारण अर्धं बॅडमिंटन कोर्ट. तरीही काम प्रचंड. आपण प्यायलेलं पाणी, लाळ, पाचकरस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो आणि शौचावाटे त्यातलं जेमतेम १००-२०० मिली बाहेर पडतं. बाकी सगळं परत शोषलं जातं.

या लवेवरच्या प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो आणि तो चरबीसारख्या पदार्थाचा बनलेला असतो. साखर पाण्यात विरघळते, चरबीत नाही, त्यामुळे तिला या पडद्यातून थेट आत जाता येत नाही. तिच्यासाठी पडद्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. ग्लुकोजच्या मुख्य दाराचं नाव एसजीएलटी-१.

हे दार आपल्या काळीपिवळी जीपसारखं वागतं, सीट भरल्याशिवाय निघत नाही. मिठातल्या सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण, असे तिघं बसले की मगच गाडी आत जाते. ही गाडी ढकलतं कोण? पेशीच्या मागच्या बाजूला एक पंप सतत सोडियम बाहेर फेकत असतो. त्यामुळे पेशीत सोडियमची कायम टंचाई असते आणि बाहेरचं सोडियम आत घुसायला बघतं. जाताना ते ग्लुकोजलाही ओढून नेतं. मग ग्लुकोज मागच्या वेगळ्या दाराने रक्तात उतरतं. आणि मीठ-साखर जिकडे जाते, तिकडे पाणी त्यांच्यामागे जातं.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग शहरातल्या एका परिषदेत मांडली.

पटकीतही हे दार उघडं राहतं

कॉलऱ्याला, म्हणजे जुन्या भाषेतल्या पटकीला, आपल्या गावांनी इतकं भोगलंय की तिच्यासाठी वेशीबाहेर मरीआई बसवली. पटकीचं विष आतड्याच्या पेशीवर हल्ला करून क्षारांचा नळ उघडा सोडतं. क्षार आतड्यात वाहू लागतात, त्यांच्यामागे पाणी, आणि माणूस काही तासांत कोरडा पडतो. मीठ शोषायची नेहमीची एक वाटही बंद होते.

पण एसजीएलटी-१ला हे विष हात लावत नाही. पाणी आत न्यायचा तो रस्ता चालूच असतो. फक्त गाडी निघायला मीठ आणि ग्लुकोज दोन्ही लागतं. नुसतं पाणी प्यायलात तर गाडीला पॅसेंजरच नाहीत. नुसतं मिठाचं पाणी दिलं तर ग्लुकोजची सीट रिकामी.

याची सगळ्यात मोठी परीक्षा १९७१ साली झाली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमध्ये सीमेवरच्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी १ लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण तोंडावाटे द्यायला सुरुवात केली. रुग्णांचे नातेवाईकच ते पाजायचे. ३० टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. आशाताई देतात ती ओआरएसची पुडी, म्हणजे जलसंजीवनी, याच कामाचं फळ.

जास्त साखर म्हणजे जास्त फायदा? उलट

कैरीच्या फोडींना मीठ-साखर लावून ठेवली की पाणी सुटतं ना? आतड्यात तेच होतं. साखर प्रमाणाबाहेर गेली की ती पेशींतलं पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या सूत्रात १ लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराईड आणि सायट्रेट. कोल्ड्रिंकमध्ये साखर याच्या जवळपास आठपट असते आणि मीठ नावापुरतं. म्हणून जुलाबात कोल्ड्रिंक किंवा बाटलीबंद ज्यूस नको.

पाकिटावर 'ओआरएस' लिहिलेली गोड पेयंही वर्षानुवर्षं विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध आठ वर्षं पाठपुरावा केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. घरात जुना टेट्रापॅक पडला असेल तर मागचा मजकूर वाचा.

पुडी मोठी असेल तर ती १ लिटर पाण्यातच घाला, पेलाभर पाण्यात नाही. लहान पुडी २०० मिलीची असते. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. इथे साखर दुपटीने का? घरातली साखर आतड्यात फुटते तेव्हा अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज होतं. फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे, ते सोडियमला सोबत घेत नाही. कामाचा भाग अर्धाच.

भाताची पेज मीठ घालून देतात, तीही उत्तम. पिठूळ भाग हळूहळू फुटून ग्लुकोज सुटतं, म्हणून एकदम पाणी खेचलं जात नाही.

आता पाण्याचा प्रश्न. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, टंचाईत मिळेल ते पाणी प्यावं लागतं हे इथे कुणाला सांगायला नको. ओआरएसची पुडी पाणी शुद्ध करत नाही, म्हणून उकळून गार केलेलं घ्या. तेवढी सोय नसेल तर असलेल्यातलं सगळ्यात स्वच्छ पाणी घ्या, पण थांबून राहू नका. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजा. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंकही द्या आणि अंगावरचं दूध चालूच ठेवा. "शुगर आहे, चालेल का?" हाही नेहमीचा प्रश्न. १ लिटरमधलं ग्लुकोज साधारण तीन चमचे साखरेइतकं आहे. मधुमेह असला तरी जुलाबात ओआरएस घेता येतं, रक्तातली साखर तपासत राहा आणि डॉक्टरांना कळवा.

सलाईनची गरज मात्र काही वेळा खरंच असते. माणूस गुंगीत असेल, काहीच पोटात ठरत नसेल, लघवी बंद झाली असेल, बाळाचे डोळे खोल गेले असतील किंवा शौचातून रक्त जात असेल, तर वाटेत ओआरएस पाजत थेट दवाखाना गाठा.