पागेचें गवत

इतिहास म्हटला कीं, किल्ले, लढाया व तह यांकडेच आपलें लक्ष जातें. परंतु श्रोतेहो, ज्या घोड्यांच्या बळावर मराठ्यांचें राज्य उभें राहिलें, तीं घोडीं पावसाळ्याचे चार महिने काय खात होतीं? शाळेंतल्या सनावळींत या प्रश्नास जागा नसते.

राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ सालच्या, सुमारास शिवाजीमहाराजांनीं चिपळूणनजीकच्या छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस एक पत्र लिहिलें. वैशाख महिना चालू होता. दाभोळच्या सुभ्यांत पागेसाठीं केलेला दाण्यागवताचा सांठा लष्कराच्या मुक्कामांत बराचसा संपला होता. गडोगडींचा गल्ला देववून महाराजांनीं कशीबशी बेगमी केली आणि बजाविलें कीं, आहे तोंवर मन मानेल तसें चाराल, तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं. घोडीं उपासानें मरतील व त्याचा दोष तुमच्यावर येईल. मग शिपाई कुणब्याच्या घरचे दाणे, भाकर, गवत आणूं लागतील, आणि रयतेस मोगलांहून तुम्हीच अधिक जाचक वाटाल.

गवताच्या गंज्यांस पत्रांत ‘लहळ्या’ म्हटलें आहे. त्यांच्या रक्षणाविषयींची बारकाई पाहा. भलत्या जागीं चुली पेटवूं नयेत, तंबाखूसाठीं विस्तव नेऊं नये, रात्रीच्या दिव्यासही जपावें. कारण उंदीरदेखील जळती वात ओढून नेईल व एका ठिणगीनें साऱ्या लहळ्या जळून जातील.

ही काळजी अनाठायीं नव्हती. आपल्याकडे डोंगरमाळांवरील गवत पावसाळा सरतां सरतां कापणीस येतें, आणि तेंच पुढें वर्षभर पुरवावें लागतें. फुलोऱ्यावर असतांना कापून, नीट वाळवून रचलें तर त्यांत कस राहतो. उशीर झाला तर नुसती निबर काडी हातीं येते. कुसळी गवताचीं कुसळें तर जनावराच्या तोंडास टोंचतात. बैल कडब्यावर व भाताच्या पेंढ्यावर निभावून नेतो. दुभत्या गाईम्हशीस पालेदार, मऊ गवत लागतें. घोड्यास मात्र धूळ वा बुरशी लागलेलें गवत घातलें कीं खोकला व पोटदुखी जडते. यास्तव कुरणें राखणें हें राज्यकारभाराचेंच एक अंग होतें.

गंजी जळाली किंवा उधळली, तर तिची भरपाई अखेर कुणब्याच्या घरांतून होते. महाराजांनीं हें जाणलें होतें. म्हणूनच राज्याभिषेकाच्या त्या धामधुमीच्या काळांतही त्यांनीं गवताविषयीं इतकें लांबलचक पत्र लिहिलें.