जुनी कार स्टार्ट होत नाही? आधी आवाज ऐका, मग मिस्त्रीला फोन करा

अमरावतीहून अकोल्याला लग्नाला निघायचंय, घरचे सगळे गाडीत बसलेत, किल्ली फिरवली आणि गाडी गप्प! घरात १०-१५ वर्षं जुनी कार असेल तर हा प्रसंग कधी ना कधी येतोच. शेजारचे काका म्हणतात बॅटरी गेली, भाऊ म्हणतो सेल्फ गेला, आणि कोणीतरी "धक्का मारून पाहू ना बे" म्हणून बाह्या सावरतो.

आमच्या घरी २००५ ची पेट्रोल गाडी होती. आधी नवीन बॅटरी टाकली, मग सेल्फ उतरवून दुरुस्त केला. शेवटी निघालं काय, तर बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थची वायर गंजून सैल झालेली. दहा नंबरचा पाना आणि पॉलिश पेपर, एवढ्यात काम झालं. पैसे मात्र आधीच गेले होते. म्हणून पार्ट बदलण्याआधी गाडी नेमकं काय सांगतेय ते बघा.

किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं?

गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. हेडलाइट एकदम मंद झाले आणि "टक टक टक" आवाज आला, तर बॅटरी उतरलीये किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. लाइट तसेच झगझगीत आणि एकच जोरात "टक" आला, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या जाड वायरींवर. लाइट चांगले पण आवाज अजिबात नाही? मग सेल्फपर्यंत करंटच पोचत नाहीये. फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच बघावा लागेल. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडली का तेही बघा, हसू नका.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर दिसला तर आधी काळी (वजा) वायर काढा, मग लाल. खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने घासा आणि कोरडं करा. बसवताना लाल आधी, काळी शेवटी. यानेच गाडी चालू झाली तर नवीन बॅटरीचे पैसे वाचले.

बॅटरी खरंच गेली का?

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, महाग नसतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.४ म्हणजे ठीकठाक, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या वेळी आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकलीये, एरवी १२.५ दाखवत असली तरी. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. तेवढं दिसत नसेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये, आणि अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तरी तीसुद्धा उतरणार.

बॅटरी थंडीत मरते असं लोक म्हणतात. आपल्या वऱ्हाडात ती उन्हात मरते. मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात उन्हामुळे चक्क कलम १४४ लावलं होतं! अशा उन्हात बॅटरीतलं पाणी लवकर आटतं आणि आतल्या प्लेटा झपाट्याने खराब होतात. नुकसान मेमध्ये होतं, समजतं मात्र डिसेंबरच्या सकाळी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी बघा. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, घरच्या फिल्टरचं पाणी चालत नाही.

सेल्फ फिरतोय, पण इंजिन पकडत नाही

आता बॅटरीला दोष देऊ नका. प्रश्न बहुतेक पेट्रोलचा किंवा स्पार्कचा आहे. आधी टाकीत पेट्रोल आहे ना? जुन्या गाड्यांचा काटा खोटं बोलतो. एमपीएफआय गाडीत किल्ली फक्त ऑन करा आणि मागच्या सीटखाली कान द्या. दोनेक सेकंद "झूंऽऽ" ऐकू आलं पाहिजे, तो पेट्रोल पंप. आवाज नसेल तर आधी त्याचा फ्यूज आणि रिले बघा. गॅस किट लावून पेट्रोल टाकी कायम कोरडी ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

जुन्या मारुती ८०० सारख्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. दुपारच्या उन्हात गाडी थांबवली की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी परत चालू होत नाही. बोनेट उघडून अर्धा तास सावलीत थांबा. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवायची मिस्त्री लोकांची युक्ती खरंच चालते, फक्त तापलेल्या सायलेन्सरजवळ हात नेऊ नका.

डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली लावून बघा. आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय असं वाटलं तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. बाकी वेळीही सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

एप्रिल २०१३ नंतरची गाडी असेल तर ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर लावून मोबाइलवर एरर कोड वाचता येतो. त्याहून जुन्या गाडीत चालेलच असं नाही, विकत घेण्याआधी मित्राचा लावून बघा.

जंप स्टार्ट करताना

लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या वजाला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. उलटसुलट झालं तर ईसीयू जळू शकतो. पेट्रोलचा वास येत असेल तर यातलं काहीच करू नका.

अमरावती-अकोला रस्त्यावर, म्हणजे एनएच ५३ वर, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज रेकॉर्ड झालं. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्या मात्र त्याच जुन्या! तिथे अडकलात तर गाडी कडेला घ्या, पार्किंग लाइट लावा आणि हायवेच्या १०३३ नंबरवर फोन करा.

मिस्त्रीला व्हॉट्सअॅपवर तीन गोष्टी पाठवा: किल्ली फिरवतानाचा व्हिडिओ (डॅशबोर्ड दिसेल असा), बॅटरीच्या टर्मिनलचा फोटो आणि मल्टीमीटरचा आकडा. व्हिडिओ काढताना आजूबाजूच्यांना गप्प बसवा, त्याला सेल्फचा आवाज ऐकायचा असतो, काकांचा सल्ला नाही.