शिवलेली जहाजे

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक चार ओळी लिहाव्यात, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम स्वतःची एक चूक वाचकांपुढे कबूल करावी असे वाटले. इतिहासाच्या तासाला मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो की, आपल्या व अरबांच्या जुन्या जहाजांना लोखंडी खिळे नसत, त्यांच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत, आणि म्हणून ती कच्ची असत. आधार होता मार्को पोलोचा. तेराव्या शतकात होर्मुझ बंदरात अशी जहाजे पाहून त्याने ती अगदी टाकाऊ ठरविली. एवढ्या मुलुखगिरी केलेल्या माणसाचा शब्द मी खरा मानला.

निवृत्तीनंतर 'सोहार' जहाजाची हकीकत वाचनात आली. टिम सेव्हरिन या इंग्रज प्रवाशाने ते ओमानातील सूर येथे जुन्या रीतीने बांधविले. लाकूड आपल्या मलबारातील, फणसाच्या जातीच्या ऐनी वृक्षाचे. दोरकामाला माणसे लक्षद्वीप बेटांवरची. 1980 च्या नोव्हेंबरात निघालेले हे जहाज कालिकत, श्रीलंका, मलाक्का करीत 1981 च्या जुलैत चीनमधील कँटन बंदरी पोहोचले. वाटेत वारा पडला, शिडाची मोठी काठी मोडली, पावसाचे पाणी धरून ठेवावे लागले. पण शिवण टिकली! खिळ्याने ठोकलेली फळी ताठ राहते. शिवलेली फळी लाटेच्या धक्क्यासरशी किंचित हलते आणि पुन्हा जागेवर येते. दोरी कुजते, वेळोवेळी बदलावी लागते, हे मात्र खरे. मार्को पोलो अगदीच खोटे बोलला असे नव्हे.

याहून मोठी गोष्ट पुढे आपल्या शेजारी गोव्यात घडली. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून जहाज उभारण्याचे काम 2023 मध्ये सुरू झाले. नकाशा नव्हता, मापे नव्हती. होते केवळ भिंतीवरचे चित्र. मद्रासच्या आय. आय. टी.तील तज्ज्ञांनी नमुना पाण्यात तपासला खरा. परंतु फळ्या जोडल्या त्या केरळचे बाबू शंकरन व त्यांचे सोबती यांनी, काथ्या, नारळाची शेंडी आणि राळ घेऊन. ही विद्या कोणत्याही पोथीत उतरलेली नव्हती. ती त्यांच्या बोटांत होती, आणि अशी बोटे आता फार थोडी उरली आहेत. आमच्या शालेय पुस्तकांत राजांच्या वंशावळी होत्या, पण या लोकांसाठी अर्धी ओळही नव्हती.

21 मे 2025 रोजी कारवार येथे 'कौंडिण्य' हे नाव देऊन ते जहाज नौदलात सामील झाले. 29 डिसेंबर रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि 14 जानेवारी 2026 रोजी मस्कतला लागले.

माझ्या वर्गातील मुले आज संसारी गृहस्थ झाली आहेत. त्यांपैकी कोणाच्या हाती ही स्मरणिका पडलीच, तर खिळ्यांविषयीचे माझे ते वाक्य त्याने खोडून टाकावे.