गोंदिया जिल्ह्यातील फेरफार नोंदी : चावडी ते सर्व्हर

घटनेची नोंद होणे आणि ती संबंधिताच्या दृष्टीस पडणे या दोन भिन्न बाबी होत. साठवण सर्व्हरच्या व्यवस्थापन प्रणालीत प्रत्येक घटना वेळेसह नोंदली जाते. तिची सूचना प्रशासकाकडे जाण्याची व्यवस्था मात्र स्वतंत्रपणे करावी लागते. महसुली दप्तराने हा भेद पूर्वीच ओळखला होता.

1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचा प्रदेश 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. 1951 मध्ये मालगुजारी संपुष्टात येऊन येथील शेतकऱ्याचा शासनाशी थेट संबंध आला. पुढे लागू झालेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 नुसार तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घेताच तिची प्रत चावडीत लावावयाची असते. शिवाय हितसंबंधितांना लेखी कळवावयाचे असते. हरकतींची नोंदवही वेगळी.

आता फेरफार सर्व्हरवर नोंदले जातात व त्यांच्या नोटिसा ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर पाहता येतात. सोय खरीच, तथापि तिला लेखी सूचनेचा पर्याय मानणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. धानकापणीनंतर मजुरीसाठी परगावी गेलेल्या शेतकऱ्यास ना चावडी दिसते, ना संगणकाचा पडदा. आणि हरकतीची मुदत तेवढ्यात सरते.